ओट्यावरचं मडकं

जळगाव,
२४ मार्च २०२५

ती. लिलाफुईस,
सप्रेम जय भीम.

फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडत बसतो. तुला अर्धं ऐकू येत नाही आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटवाल्यांना पूर्ण ऐकू जातं. परवा लिफ्टमध्ये एकीनं विचारलं, "तुमच्या फुईचे, म्हणजे आत्याचेच ना, गुडघे कसे आहेत आता?" तेव्हा तुझं म्हणणं मान्य. यापुढे पत्रच.

आता कामाचं. बसून वाच. आपल्या बिबड्यांना पुण्याच्या दुकानवाल्यांकडून मोठी ऑर्डर आली आहे, गेल्या वर्षीच्या दुप्पट. एप्रिलच्या शेवटापर्यंत माल हवा. दोन वर्षांपूर्वी मी पिंपरखेड्याच्या भीमनगरात समूह काढायचा म्हटलं तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, "ज्वारीचे पापड विकून कोण श्रीमंत झालंय गं?" बघ आता! शेड झाली, दळायचं यंत्र आलं, बायकांच्या हाती दर आठवड्याला पैसा येतो. माझ्या संस्थेच्या अहवालात यंदा आपल्या गल्लीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मे महिन्यात धुळ्याला कार्यक्रम आहे आणि त्यात भाषण मी करायचं आहे. मी, फुई! जिला तू तिसरीत पाढे चुकले म्हणून वर्गाबाहेर काढलं होतंस.

एकच काळजी आहे. नियम सगळ्यांना पुन्हा सांग. सीझनमध्ये सभासद बाईनं समूहाबाहेर कुठंही बिबडे करायचे नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत. तू शेडवर देखरेखीला आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. पुढच्या महिन्यात आमचा फोटोग्राफर येईल, त्याला चहा पाज.

तुझी,
संघमित्रा


पिंपरखेडे,
२ एप्रिल

चि. संघमित्रास,
अनेक आशीर्वाद.

पाढे तुझे अजूनही चुकतात. मागच्या महिन्याच्या हिशेबात दोन ठिकाणी दुरुस्ती केली मी, बोलले नाही.

ऑर्डरचं सांगितलं सगळ्यांना. शेडमध्ये टाळ्या पडल्या. सुलक्षणानं फ्रिज घेतला, त्याच्यावर अजून प्लॅस्टिक तसंच ठेवलंय, काढलं तर जुना होईल म्हणते. तिची मृणाली धुळ्याला नर्सिंगला लागली. प्रमिलाबाईनं संडास बांधला आणि आता येईल त्याला दाखवते. हसू नकोस. अंधारात नाल्याकडे जायची वेळ ज्या बाईवर आली नाही तिला त्यातलं कळायचं नाही. हे सगळं तू केलंस, हे मी गल्लीत छाती काढून सांगते.

एक बारीकसं विचारायचं होतं. केवळकाकू, तुझी केवळआजी, परवा शेडच्या दारात आली होती. आत आली नाही, दारातूनच म्हणाली, "लिला, यंदा मनं कव्हय?" तिचे बिबडे कधी करायचे, म्हणून. तुला आठवतं ना आपल्या गल्लीचं? कोणी कोणाला बोलवायचं नाही. ज्या घरी बिबडे करायचे ती बाई ज्वारी भिजत घालायची, मडक्याला पांढरं फडकं बांधायची आणि मडकं ओट्यावर आणून ठेवायची. येता-जाता सगळ्या बघायच्या. तिसऱ्या दिवशी ज्वारी आंबली, की पहाटे सगळ्या तिच्या दारात हजर. कोणी चूल पेटवायची, दोघी मिळून आंबलेल्या ज्वारीचा शिजता घाटा हाटायच्या, बाकीच्या ओल्या कापडावर थापायच्या. पोरांना वाटीभर गरम घाटा, वर तेल. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या ओट्यावर मडकं. आपल्या वस्तीत बाहेरच्या बायका तेव्हा पाय ठेवत नव्हत्या, म्हणून आपणच आपल्याला पुरून उरायचो.

काकूचे हात आता थरथरतात, म्हणून तिला समूहात घेता आलं नाही. पण दरवर्षी ती सुरतेला मुलाच्या, आधारच्या पोरांसाठी डबाभर बिबडे पाठवते. मे महिन्यात आधार येतो, तो डबा घेऊनच परत जातो. तर नियमात एका सकाळची सूट देशील का? सगळ्या जणी जाऊन तिचं करून येतील. एक सकाळ बाई, जास्त नाही.

जयंतीला येणार का? यंदा मिरवणुकीला मोठा डीजे आहे. माझे कान गेलेलेच आहेत, मला कसली भीती!

तुझी फुई,
लिला


जळगाव,
९ एप्रिल

ती. फुईस,
सप्रेम जय भीम.

रागावू नकोस, पण सूट देता येणार नाही. गेल्या वर्षी प्रमिलाबाई "घरच्यासाठी करते" म्हणाली आणि तो माल शिरपूरच्या व्यापाऱ्याला गेला. आठवतं ना किती तोंडघशी पडले मी साहेबांसमोर? एकीला सूट दिली की दुसरी मागणार. सध्या एक सकाळ म्हणजे केवढा माल, तूच विचार कर. जुन्या पद्धतीबद्दल मलाही जिव्हाळा आहे, पण जिव्हाळ्यावर ऑर्डर पुरी होत नाही.

केवळआजीचा प्रश्न सोपा आहे. तिला बिबडेच हवेत ना? शेडमधून पाकिटं दे. डबा भरून दे, माझ्या नावावर. तिला ज्वारी भिजवायचा, आंबवायचा त्रास तरी कशाला या वयात? सुलक्षणाला सांग, नवीन पाकिटं छापून आली की पहिली आजीकडे नेऊन दे.

जयंतीला जमणार नाही. अहवाल छापायला जायचा आहे. फोटोग्राफर सतरा तारखेला येतोय.

तुझी,
संघमित्रा


जळगाव,
२८ एप्रिल

ती. फुईस,
सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर नाही. माल मात्र वेळेच्या आधी पोचला, दुकानवाले खूष आहेत. तेव्हा पत्राला वेळ मिळाला नसणार, असं मी समजून घेतलं. शाबास तुम्हा सगळ्यांची!

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच आनंदात. फोटो आले! शंभरेक असतील. यंत्राजवळ सुलक्षणा, पाकिटं भरताना प्रमिलाबाई, डोळ्यांवर चष्मा चढवून काट्याकडे बघणारी तू, अगदी पेपर तपासताना दिसायचीस तशी. पण सगळ्यांत सुंदर फोटो कोणाचा असेल सांग? केवळआजीचा! ओट्यावर बसली आहे, शेजारी फडकं बांधलेलं मडकं, एक हात मडक्यावर आणि नजर रस्त्याकडे. सकाळचं ऊन तोंडावर. आमचे साहेब फोटो बघून म्हणाले, "याला म्हणतात समाधान. एवढ्या वर्षांच्या आकड्यांनी जे सांगता येत नाही ते या चेहऱ्यात आहे." तोच फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर घेतला. धुळ्याच्या कार्यक्रमाला मोठा फलकही तोच. आणि पाकिटावरसुद्धा, फुई. घरोघरी जाईल आता आजी.

म्हणजे तिनं ज्वारी भिजवलीच तर. तू गुपचूप सूट दिलीस ना? खरं सांग. दिली असशील तर यावेळी माफ.

कार्यक्रम दहा मे. तू यायचंच. गाडी पाठवते.

तुझी,
संघमित्रा


वरणगाव,
५ मे

चि. संघमित्रास,
आशीर्वाद.

पत्ता बघून चकित झाली असशील. मी धम्मपालकडे आले आहे, त्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर. सुनेला वाटतं सासू नातवाच्या ओढीनं आली. तिला तसंच वाटू दे. मी पिंपरखेड्यातून पळून आले आहे.

मी सूट दिली नाही, बाई. तुझं पत्र आलं, मी ते शेडमध्ये वाचून दाखवलं आणि घडी करून ठेवलं. पाकिटांचं मी केवळकाकूला सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करते. ती हसली. दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर मडकं होतं.

मी रोज त्या ओट्यावरून शेडला जाते. दुसरा रस्ता नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला थांबवलं. "लिला, ज्वारी तयार शे वो. सकाय येशी ना?" मी म्हटलं, येते, येते. आणि पदर सावरत पुढं गेले, जसं काही मोठी घाई आहे. शेडमध्ये गेल्यावर सुलक्षणानं विचारलं, "बाई, केवळआजीनं मडकं शे वट्टावर. पन नियम शे ना?" सगळ्या जणी थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तेवढं "जा गं" म्हणायचं होतं. बस, एवढंच. त्या गेल्या असत्या, मला ठाऊक आहे. मी काट्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आजचा माल राहिलाय अजून." मग त्याही खाली बघून कामाला लागल्या. पुढचे दिवस कोणी तो विषय काढला नाही. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी कोणी तरी जाईल.

काकूनं चूल मांडून ठेवली होती. कापड धुऊन ठेवलं होतं. ती रोज पहाटे ओट्यावर येऊन बसायची आणि ज्वारीचं पाणी बदलायची. तुझा फोटोग्राफर आला तो त्यातल्याच एका सकाळी. तिनं त्यालाही विचारलं म्हणे, "बाया उन्यात का?" बाया आल्या की नाही ते त्याला काय माहीत! त्यानं मान हलवली आणि फोटो काढला.

ते समाधान नव्हतं गं. ती आमची वाट बघत होती.

जयंतीचा डीजे ओसरला, उन्हं तापली आणि ज्वारीला वास सुटला. एका संध्याकाळी तिनं मडकं उचललं आणि नाल्यावर रिकामं करून आली. माझ्या दारावरून गेली. मी आत दिवा न लावता बसून राहिले. चाळीस वर्षं मी पोरांना शाळेत एकमेकांना हात द्या म्हणून शिकवलं. लाज वाटते म्हणायलासुद्धा लाज वाटते.

आधार येऊन गेला. डबा रिकामा घेऊन गेला.

तुझ्या कार्यक्रमाला मी येणार नाही. गाडी पाठवू नकोस.

लिला


जळगाव,
१३ मे

फुई,

तुझं पत्र मला आठ तारखेला मिळालं. आधी मी भयंकर चिडले. तुझ्यावर. स्वयंपाकघरात एकटीच तुझ्याशी भांडले. म्हटलं, नियम मी चोरट्या मालासाठी केला होता, एका म्हातारीच्या डब्यासाठी नाही, एवढं या बाईला कळू नये? चाळीस वर्षं शिकवत होती! मग तुझंच दोन तारखेचं पत्र काढलं. त्यात स्वच्छ विचारलं होतंस तू. आणि मी काय लिहिलं होतं ते माझं मलाच आठवलं. तिला बिबडेच हवेत ना.

पुढचं लिहू की नको असं दोन दिवस झालं. लिहिते. तुझं पत्र पर्समध्ये घालून मी दहा तारखेला धुळ्याला गेले. वाटलं होतं, साहेबांना सांगेन, फलक उतरवा. नाट्यगृहात शिरले तर स्टेजच्या मागं केवळआजी, एवढी मोठी, की तिच्या अंगठ्यामागे मी उभी राहिले असते. साहेब हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या आजीनं सभागृह जिंकलं." आणि मी फुई, त्यांना काहीच बोलले नाही. भाषण केलं. ठरवलं होतं तसंच, एकही वाक्य न गाळता. उत्पन्न किती वाढलं, बचत किती, शिकणाऱ्या मुली किती. सगळं खरं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजी माझ्या पाठीशी होती म्हणून मला तिच्याकडे बघावं लागलं नाही.

घरी आल्यावर साडी न बदलता बसले. मला काय आठवलं सांगू? आई धुळ्याला सिव्हिलमध्ये होती तो उन्हाळा. घरात मी आणि बाबा. कोणी ज्वारी भिजवली, ओट्यावर आमचं मडकं कोणी ठेवलं, मला माहीत नाही. एका पहाटे दारात सगळ्या बायका आणि केवळआजी पदर खोचून घाटा हाटत होती. आई परत आली नाही, पण त्या वर्षी आमच्या घरात बिबडे होते. मी सगळीकडे सांगत फिरते की मी त्या गल्लीची आहे, आणि गल्लीतली ही एक गोष्ट मला अहवाल लिहिताना आठवली नाही.

पाकिटं छापून गेली. थांबवायला फोन केला, छापखानेवाला म्हणाला, "मॅडम, माल गाडीत आहे."

मला तोंड दाखवायला जागा नाही. तुला सुचत असेल तर सांग, काय करू?

संघमित्रा


वरणगाव,
१९ मे

चि. संघमित्रास,

रडून झालं असेल तर वाच.

पहिली गोष्ट. उगाच आता समूह मोडण्याचं वेड घेऊ नकोस. तुझं तसं डोकं आहे, लहानपणी एक चित्र चुकलं की वही फाडायचीस. मृणालीची फी त्या शेडमधून जाते. सुलक्षणाच्या नवऱ्याचा हात आता तिच्यावर उठत नाही, कारण घरात तिचा पैसा येतो. पूर्वी आम्ही एकीच्या ओट्यावर जमायचो म्हणून काही सुखात लोळत नव्हतो. निम्म्या जणी उपाशीपोटी यायच्या आणि घाट्यावर भागवायच्या. मी पैशाला दोष देत नाही. पैसा बापडा काय करतो? एक सकाळ त्याच्यातून बाजूला काढायची होती, ती मला काढता आली नाही आणि तुला काढू द्यावीशी वाटली नाही.

दुसरी गोष्ट. मला काय विचारतेस? मी स्वतः नातवाच्या आडून लपून बसले आहे. काल प्रशीलनं विचारलं, "आजी, तू गावी का जात नाहीस?" मी म्हटलं, ऊन फार आहे. आठ वर्षांचं पोर माझ्याकडे बघतच राहिलं.

तू जा. पाऊस यायला अजून अवकाश आहे. तिच्या पाया पडायला नाही, ती पडू द्यायची नाही. नुसती जा. माझं धाडस होत नाही म्हणून तुला पाठवते आहे, हे कबूल करते.

लिला


पिंपरखेडे,
२७ मे

ती. फुईस,
सप्रेम जय भीम.

हे केवळआजीच्या घरातून लिहिते आहे. ती बाहेर ओट्यावर आहे. आठवड्याची रजा टाकून काल नरडाण्याला उतरले.

काय काय बोलायचं ते मी गाडीत घोकत आले होते. आजीनं एक शब्द काढू दिला नाही. "कोन, संघमित्रा का वो? माय वो, कितली सुकी गयी!" म्हणाली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, फुई. हातानंच ओळखते आता. बस म्हणाली, पाणी दिलं. मी म्हटलं, आजी, बाकीच्या कुठं आहेत? "बठ्ठ्या कामले जातस," म्हणाली. तक्रार म्हणून नाही. पोरं शाळेत गेली असं सांगावं तसं.

मग म्हणाली, "थांब, तुले बिबडा तयी देस." म्हटलं, नको आजी. पण ती उठली, फळीवर चाचपडली आणि पाकीट काढलं. तेच. मी तुला लिहिलं होतं ना, पहिली पाकिटं आजीकडे नेऊन दे म्हणून? सुलक्षणानं आठवणीनं आणून दिली होती. ओट्यावर ठेवून गेली, थांबली नाही म्हणे. आजीनं पाहुण्यांसाठी जपून ठेवलं होतं. मी पहिली पाहुणी.

तिनं चार बिबडे तळले. माझ्यासमोर ताट ठेवलं. मी एक मोडला आणि तसाच ठेवला. आणि ती तो कागद हातात घेऊन दारातल्या उजेडात गेली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि कितीतरी वेळ बघत बसली.

मला विचारलं, "हाई बाई कोन शे वो?"

मी ताट बाजूला सारलं.

"मडकं शे तिनापान," ती म्हणाली. बोट त्या पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. मग कागद नीट घडी करत म्हणाली, "इन्हाकडे बाया येतस वाटस."

फुई, मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं, आजी, ती तूच. मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "हो आजी. येतात."

"मंग बरं शे," म्हणाली. खरंच बरं वाटलं तिला. त्या दुसऱ्या बाईसाठी.

संध्याकाळी मी दुकानातून ज्वारी आणली आणि भिजत घातली. मडक्याला फडकं बांधलं, आजीचं धुतलेलं कापड तसंच ठेवलेलं होतं. मडकं ओट्यावर ठेवलं. सकाळपासून शेडकडे जाणाऱ्या बायका बघून जात आहेत. सुलक्षणा थांबली, माझ्याकडे बघितलं, खाली मान घालून गेली. मी तिला काही बोलले नाही. नियम मोडला म्हणून सांगितलं असतं, तर त्या माझ्या हुकमानं आल्या असत्या. तसं मला नको आहे. कोणी बोलवायचं नसतं ना?

परवा गुरुवारी पहाटे घाटा. हे पत्र टेम्पोवाल्या प्रेमराजच्या हाती देते आहे, तो माल घेऊन उद्या भुसावळला चाललाय, तिथून पुढं वरणगावला येऊन तुला देईल. परतताना त्याच गाडीत जागा आहे. मला घाटा हाटता येत नाही, गाठी होतात. आजीला चार पावलं चाललं की धाप लागते. दोन बायकांचं काम आहे.

आजी आत्ता मडक्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसली आहे, फोटोतल्यासारखीच. मी तिला खोटं सांगितलं, फुई. तेवढं ये आणि खरं कर.

तुझी,
संघमित्रा